जाळीशिवाय नाही

शास्त्री नगरातल्या उम्मेदजींच्या भोजनालयात कणीक मळायचं मोठं मशीन शालन चालवायची. ती मूळची साताऱ्याची. नवरा लष्करातून निवृत्त झाला आणि दोघं जयपुरातच राहिली. शीतलामातेच्या सणाला चूल पेटवत नाहीत, म्हणून चाकसूच्या जत्रेसाठी मागवलेल्या पुऱ्या आदल्या दिवशीच तळायच्या होत्या. सकाळी शालन आली, तर मशीनवरची जाळी काढून ठेवलेली. जाळी उचलली की मशीन आपोआप थांबायचं, तेही वायर जोडून चुकवलं होतं.

“मीच काढायला लावली,” उम्मेदजी म्हणाले. “चालू मशीनमध्ये पीठ टाकता येईल. आज घाई आहे, बहनजी.”

शालनच्या मनात आलं, नोकरी गेली तर? तरी तिनं प्लग काढून हातात घेतला.

“पीठ टाकताना भँवरीची ओढणी यात गुंतली तर जबाबदार कोण? मशीन मी चालवते, जी. जाळी बसेपर्यंत बटण दाबणार नाही आणि कुणाला दाबू देणार नाही.”

“आणि पुऱ्या?”

“हातानं मळू.”

तिनं परात ओढली. मदतीला असलेली भँवरी आणि आणखी दोघी शेजारी बसल्या. घामाघूम झालेल्या बायका पाहून तासाभरात उम्मेदजींनीच मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वायर काढून जाळी बसवली. शालननं रिकामं मशीन चालवून जाळी उचलली. ते जागच्या जागी थांबलं, तेव्हाच तिनं पीठ ओतलं.

पुऱ्या निघायला संध्याकाळ झाली. उम्मेदजी कुरकुरत होते, पण टेम्पो भरून गेला होता.