आंब्यांना न्हाऊ घालणारा हंडा

मी एक जुना, रुंद तोंडाचा तांब्याचा हंडा आहे. इजिप्तमधल्या इस्माइलियाजवळच्या एका मळ्यात पाटाच्या कडेला पडून असतो आणि कोंबड्या माझ्यातलं पाणी पितात. हसू नका, मित्रांनो! एके काळी माझ्यातून न्हाऊन निघालेले आंबे कैरोच्या बाजारात एकही डाग न पडता पोचत असत.

तांबटांच्या आळीत ठोक्यांवर ठोके खाऊन माझा जन्म झाला. इन्शिराहच्या लग्नात मी तिच्या रुखवतात आलो. गाढवाच्या गाडीवर सगळ्यांत वर मलाच ठेवलं होतं, कारण सगळ्यांत चकचकीत मीच होतो. पुढे दर वर्षी कल्हईवाला यायचा. माझ्यात वाळू टाकून अनवाणी उभा राहायचा आणि कंबर हलवत गरगर फिरायचा. समोरच्या घरात नागीची आई राहायची. तिला सगळे उम्म नागी म्हणत. ती दारातूनच ओरडायची, "अगं इन्शिराह, हा भांडं घासतोय की वरातीत नाचतोय?" दोघी पोट धरून हसायच्या. लहानपणापासूनच्या मैत्रिणी त्या.

मग इन्शिराहचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती त्यानं लावलेली आंब्याची रांग. त्या आंब्याला तिथे 'हिंदी'च म्हणतात, म्हणजे नावानं तुमच्याच देशाचा. रोज सकाळी ती एकेका झाडाला हात लावून यायची. पण जमीन होती दिराची, मेतवल्लीची. आणि आंब्यांना तर कसली पीडा लागली होती, कळेना. तोडताना फळ हिरवंगार, निर्मळ दिसायचं. बाजारात पोचून पिकायला लागलं की अंगभर काळे डाग!

मेतवल्ली एक दिवस म्हणाला, "वहिनी, भावाची आठवण म्हणून मी गप्प बसलो. पण नुसता सडका माल किती दिवस पाठवायचा? आंबे टिकले तर झाडं राहतील. नाहीतर तोडून तिथे कोंबड्यांचं खुराडं घालतो."

इन्शिराह त्या दिवशी जेवली नाही.

तेवढ्यात शेतकी खात्याच्या एक बाई गावात आल्या. त्यांनी समजावलं की रोग झाडावरच सालीत शिरतो, दडून बसतो आणि फळ पिकायला लागलं की डोकं वर काढतो. "कढत पाण्यात थोडा वेळ बुडवलं की तो मरतो. पण पाणी उकळू द्यायचं नाही हं, नाहीतर आंबाच शिजेल. या नळीतला पारा तांबड्या खुणेवर ठेवायचा. आणि बाहेर काढल्यावर सावलीत उघडे पसरून गार होऊ द्यायचे, कोरडे होऊ द्यायचे. हे विसरू नका." मग त्यांनी मला बोटानं टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा हंडा उत्तम आहे." मित्रांनो, इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं!

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा. इन्शिराह पाऱ्यावर नजर ठेवायची, उम्म नागी टोपल्या बुडवायची आणि दोघींच्या तोंडाला खळ नसायचा. आंबे कैरोला गेले आणि पिवळेधमक पिकले. मेतवल्ली चहाच्या टपरीवर "आमचा हंडा, आमचा हंडा" करत फिरला.

पुढच्या उन्हाळ्यात झाडं फळांनी वाकली. पहिली खेप न्हाऊन चटयांवर पसरली होती. उम्म नागी आली आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "अगं बाई! काय रंग, काय रूप! असे आंबे मी जन्मात पाहिले नाहीत!"

बोलली खरी, पण कौतुक करताना दृष्ट लागू नये म्हणून तिथे 'माशाल्ला' म्हणतात, ते म्हणायचं राहून गेलं.

दोन दिवसांनी इन्शिराहची गाय दूध देईनाशी झाली. झालं! तिच्या मनात किडा शिरला. दुसऱ्या खेपेच्या दिवशी तिनं माझ्या कडीला निळा मणी बांधला, चुलीत मीठ टाकलं. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण आंबे माझ्यातून वाफाळत निघाले तसे तिनं भराभर पेट्यांत भरले, वर जाड घोंगड्या टाकल्या आणि आतल्या खोलीत कोंडले, कोणाच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून. अगं बाई, वारा लागू दे त्यांना! मला तोंड फुटलं असतं तर मी गाव गोळा केला असता.

त्याच पाण्यात उम्म नागीनं आपल्या अंगणातल्या एकुलत्या झाडाचे आंबे बुडवले. उघडी परात डोक्यावर घेऊन ती गेली आणि गच्चीवर सावलीला पसरून मोकळी झाली.

काही दिवसांनी खोली उघडली तेव्हा आंबूस वास अंगणापर्यंत आला. मेतवल्लीनं एक आंबा उचलला. त्याचा अंगठा आत रुतला. बोट सदऱ्याला पुसून तो एवढंच म्हणाला, "उद्या कुऱ्हाडवाले येतील, वहिनी."

बातमी कळताच उम्म नागी धावत आली. हातात परात, परातीत तिचे आंबे. "हे घे गं, बाजारात दाखवायला तरी होतील."

पिवळेधमक आंबे! एकावरही ठिपका नाही! इन्शिराहचा तोल सुटला. "माझं सगळं ओरबाडून घरी नेलंस ना? नजर लावलीस माझ्या झाडांना! वाईट नजरेची मेली! चालती हो!"

उम्म नागीनं परात खाली टेकवली. "इन्शिराह, माझे आंबे तर गच्चीवर उघडे होते. सगळ्या गावानं पाहिले. दृष्ट लागायची तर माझ्यांनाच नसती का लागली?"

इन्शिराहनं दार लावून घेतलं.

झाडं पडली. सावलीला म्हणून मेतवल्लीनं एक तेवढं ठेवलं. हिवाळाभर त्याच झाडांची लाकडं माझ्या बुडाखाली जळत होती. मित्रांनो, अशा आगीचं सुख कसं लागावं?

थंडी कडाडली तेव्हा इन्शिराहनं पांघरायला त्या घोंगड्या काढल्या. तोच आंबूस वास, आतल्या अंगाला बुरशीचे काळे डाग. ती घोंगडी मांडीवर घेऊन बसली; आंबे नजरेनं नाही, या घोंगड्यांखाली कोंडलेल्या वाफेनं नासले होते, हे तिला उमगलं. मग रडली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

उन्हाळ्यात उरलेल्या झाडाला फळं आली. तिनं मला पाटावर घासलं, चुलीवर चढवलं, पारा बघत आंबे न्हाऊ घातले. गार झाल्यावर मोठ्या परातीत रचले आणि भर सकाळी, साऱ्या गल्लीदेखत, समोरच्या पायरीवर नेऊन ठेवले. वर कापडाचा तुकडादेखील नाही.

"उम्म नागी, बाहेर ये गं! बघ माझे आंबे, पोटभर बघ!"

दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "नको बाई. माझी नजर वाईट आहे."

इन्शिराह पायरीवर बसून राहिली. ऊन अंगावर आलं तरी उठली नाही. त्यानंतर मला कोणी चुलीवर चढवलं नाही. झाडांच्या जागी खुराडं आहे, आणि तिथल्या कोंबड्या माझ्याकडे येतात.

मित्रांनो, लिंबू-मीठ लावून मला एकदा घासा, कल्हई करा, मी अजून कामाचा आहे. न्हालेल्या फळाला वारा द्या, गरम असताना झाकू नका. आणि दारात उभं राहून कोणी "काय रूप आहे गं या आंब्यांचं!" म्हणालं, तर घाबरून घोंगडी शोधू नका. त्यातला एक तिच्या हातात द्या.