खरखरीत पान

तिने कात्रीचं टोक टाक्याखाली सरकवलं आणि अलगद दाबलं. जिचा दिवस शिवणयंत्रावर जातो, तिला चार टाके उसवायला कितीसा वेळ लागणार! लेकीच्या शाळेतल्या बाईंनी शिवलेल्या कापडी पुस्तकातलं ते पान रिकामं झालं. हातात उरला काचकागदाचा तुकडा, लाकूड घासायला वापरतात तसला. तिने तो केराच्या डब्यात टाकला आणि वरून चहाचा गाळ ओतला.

एवढ्याशा तुकड्यावर भिंगरीचा जीव जडला होता. भिंगरी म्हणजे तिची पाच वर्षांची लेक, जन्मापासून दृष्टी नसलेली. पुस्तक घरी आलं की पोरगी आधी ते पान शोधायची, त्या कागदाला गाल लावायची आणि एकटीच हसायची. मग त्याखालच्या, ब्रेल लिपीतल्या उठावदार ठिपक्यांवरून बोट फिरवायची.

"काय आहे गं हे?" आईने एकदा विचारलं होतं.

"तूच ओळख!"

तेव्हापासून तिच्या पोटात दुखत होतं. तिनेही खपून लेकीसाठी एक पुस्तक शिवलं होतं. ससा, फूल, ढग, आणि शेवटी आई, लाल मखमलीची, सोनेरी काठाची. शेजारणी तोंडभरून कौतुक करायच्या. भिंगरी मात्र त्यावर हात फिरवून "मऊ आहे" म्हणायची आणि बाईंचं पुस्तक मागायची. सवत परवडली, पण हे पुस्तक नको! "तुम्हीपण ठिपके शिका ना," असं बाई म्हणाल्या, तेव्हा तिने कामाचं निमित्त पुढे केलं होतं. खरं तर त्या बाईंकडून काही शिकायचं म्हणजे नाक घासण्यासारखंच वाटलं होतं.

भिंगरी झोपेतून उठून चाचपडत आली आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसली. पानं उलटता उलटता बोट थांबलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलं.

"इथलं गेलं."

"पडलं असेल कुठेतरी. कच्चे टाके घालतात तुझ्या बाई." बोलताना तिला बरं वाटलं. "माझं घे ना, मखमलीचं."

भिंगरीचं लक्ष नव्हतं. तिचं बोट खाली सरकलं होतं.

"नाव आहे अजून. आ. ई. आई."

कात्री अजून आईच्या हातातच होती. तिने ती आवाज न करता खाली ठेवली.

"बाईंनी विचारलं, आईचा हात कसा लागतो? मी म्हटलं, खरखरीत. मग आम्ही किती कागद लावून बघितले! हाच बरोबर होता."

आईने आपली बोटं पाहिली. सुया टोचून टोचून त्यांची टोकं राठ झाली होती. चारचौघांत ती मुठीतच ठेवायची. तिने केराच्या डब्याकडे पाहिलं. गाळ पार खालपर्यंत झिरपला असणार.

ती लेकीशेजारी बसली आणि आपलं बोट त्या रिकाम्या जागेवर टेकवलं. भिंगरीने ते घासून पाहिलं, मग खालचे ठिपके, मग पुन्हा बोट.

"बरोबर!" ती हसली. "आता काढ. पान उलटायचंय."

आईने बोट काढलं नाही. तसंच खाली, ठिपक्यांवर सरकवलं.

"यातला आ कुठला गं?" तिने विचारलं.