उसना चेहरा

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. नीट घडी करून एका जाड कादंबरीत ठेवलं आणि ती कादंबरी वाचणंच सोडून दिलं.

पत्र माहिती संरक्षण कार्यालयाचं होतं. आईवडलांच्या परवानगीशिवाय मुलांची माहिती गोळा करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून व्हिडिओच्या एका कंपनीची चौकशी चालली होती. कंपनी म्हणत होती, अमुक खातं मुलाचं नाहीच; ते मी वापरतो, कॅमेऱ्यात चेहरा दाखवून मीच उघडलंय. ‘हे खरे आहे काय?’ एवढाच प्रश्न.

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याची चूक मला चटकन दिसते, स्वतःबद्दल मात्र कशाचीच खात्री नसते. उघडलं असेल का मी? चुकून बोट लागलं असेल कुठे?

मग तो रविवार आठवला. माझी नात फोन घेऊन आली होती. वय अकरा, हनुवटीवर तीळ, म्हणून आम्ही तिला ठिपकी म्हणतो.

“आजोबा, इकडे बघा. हसा. आता मान डावीकडे. आता उजवीकडे.”

आपला फोटो कुणाला काढावासा वाटला याचं मला इतकं अप्रूप, की आधी आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आलो. नंतर एक प्रत मागितली, तर म्हणाली, “हलला हो. नीट नाही आला.”

पत्र आल्यापासून मनात पाल चुकचुकायला लागली. ठिपकीने पाणी आणून दिलं की वाटे, आता काय हवंय? गळ्यात पडली की मी बघे, फोन कुठल्या हातात आहे. एवढ्याशा पोरीबद्दल असं मनात यावं याची लाज वाटे, पण संशय काही जात नसे. ‘नाही’ लिहिलं तर तिचं खातं बंद. शाळेत तोंड न उघडणारी ही पोर तिथे चित्रं काढता काढता घडाघडा बोलायची. ‘हो’ लिहिलं तर कंपनी नामानिराळी.

एके दिवशी तीच तणतणत आली. “तुम्ही सांगितलंत ना यांना?”

फोनवर जाहिरात होती : बोलताना अडखळणाऱ्या शाळकरी मुलींसाठी खास वर्ग.

“मी? मला तो फोन उघडतासुद्धा येत नाही.”

“मग कोणी? अ-अडखळलेले व्हिडिओ मी लगेच पुसते. आईलाही दाखवत नाही.”

मी जाहिरात पुन्हा वाचली. “ठिपके, यांच्या लेखी हे खातं कुणाचं?”

तिने फोन पाठीमागे लपवला.

“माझंच ना? मग या टकल्या म्हाताऱ्याला मुलींचा वर्ग कशाला?”

तिला हसू आलं आणि रडूही. “आधी माझाच चेहरा दाखवला होता. तीनदा. नको म्हणाले. मग तिथेच आलं, मोठ्या माणसाने कॅमेऱ्यात बघावं.”

“म्हणजे फोटो हलला नव्हता.”

“तो फोटोच नव्हता, आजोबा.”

सुनेला सगळं सांगितलं. तिने आधी लेकीला फैलावर घेतलं, मग मला. “बाबा, तुम्हीसुद्धा! कुणी हसा म्हटलं की हसायचं?”

त्या संध्याकाळी उत्तर लिहिलं. खातं माझं नाही, अकरा वर्षांच्या मुलीचं आहे. माझ्या आधी तिचा चेहरा कंपनीने तीनदा पाहिला होता. तिने पुसलेलं बोलणं त्यांच्याकडे अजून आहे का, याचा शोध घ्यावा. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं : माझा चेहराही त्यांनी ठेवू नये.

टपालपेटीपर्यंत ठिपकी बरोबर आली, पण दोन पावलं पुढे, रागावून.

“आता बंद करतील?”

“करतील.”

“मग मी बोलू कु-कुणाशी?”

माझ्याशी, असं म्हणायचं होतं. पण एवढे दिवस मी तिच्या पाण्याच्या पेल्यावरही संशय घेतला होता. धीर झाला नाही.

मी पाकीट आत टाकलं. ते खरंच खाली पडलं का, हे तिने पेटीची झडप उचलून पाहिलं. मग मीही पाहिलं.