साखरेच्या डब्यातली मतं

क्लबाच्या भिंतीवर सभासदांनी आपल्याच हातांनी पाटी लावली होती : येथे राजकारण बोलू नये. आणि तिच्याखाली बसून एकवीस म्हातारे माजी खासदार दिवसभर दुसरं काही बोलत नसत. नऊ वर्षांपूर्वी लष्करानं त्यांचं सरकार उलथवलं, त्यांना तुरुंगात घातलं, पुढे सोडलंही. पण निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क काही परत दिला नाही. तो मागायला पक्ष काढता येईना, म्हणून तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकारात, हा क्लब काढला. चहा, सोंगट्या आणि वाट पाहणं. हाक मारायची तीसुद्धा जुन्या मतदारसंघाच्या नावानं : "काय बुर्दुर, साखर किती?"

बुर्दुर म्हणजे सित्की बे, आपल्याकडचे सित्कीराव. त्या दुपारी रेडिओनं सांगितलं, की हक्क परत देणारं विधेयक वरच्या सभागृहानं बाजूला ठेवलं. सोंगट्यांचे फासे हातातच राहिले. सित्कीच्या डोळ्यांपुढे मात्र एकच माणूस आला : बेहचेत, देनिझलीचा. तुरुंगात चार वर्षं शेजारच्या खाटेवर होता. आता फुफ्फुसं थकली होती आणि डॉक्टर महिन्याचीही हमी देत नव्हते. "निवडून नाही आलो तरी चालेल, सित्की," तो म्हणायचा, "पण एकदा उभं राहू दे."

सित्की त्याच्या घरी गेला. बेहचेतनं उशीवरूनच हात हलवला. "तोंडावर लिहिलंय तुझ्या. बस."

सित्कीनं खुर्ची खाटेजवळ ओढली.

"रविवारी क्लबाच्या अध्यक्षाची निवडणूक आहे, आताचा अध्यक्ष फाहिर पुन्हा उभा आहे," सित्की म्हणाला. "उभा राहतोस?"

"मला जिना उतरवत नाही."

"मतपेटी जिना चढेल."

बेहचेत हसला, खोकला, पुन्हा हसला. "फाहिरविरुद्ध? मिश्या कोरण्यापलीकडे काय येतं रे त्याला? कागद दे इकडे, जाहीरनामा लिहितो."

सित्की दोन दिवस दारोदार फिरला. सगळी मतं बेहचेतला, असं सगळ्यांकडून वदवून घेतलं. खुद्द फाहिर बेसुद्धा मान डोलावून मोकळे झाले. शनिवारी सित्की औषध द्यायला गेला, तेव्हा बेहचेतच्या बायकोनं, मेब्रुरेनं, त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"भाऊजी, एकवीसच्या एकवीस मतं देणार ना?"

"तुम्हाला कोण बोललं, वहिनी?"

"कोणी कशाला बोलायला हवं? तुम्हा लोकांच्या पोटात काही राहिलं असतं तर सरकार गेलं असतं का?" तिनं डोक्याचा रुमाल सावरला. "तुरुंगात मी डबा न्यायचे. एकदा शेजारणीनं कीव येऊन तो करून दिला होता. एक घास खाल्ला आणि डबा बंद केला यांनी. कीव यांना वासावर कळते, भाऊजी."

सित्की पुन्हा दारोदार. मनाला येईल त्याला मत द्या, म्हणून विनवू लागला. लोक चिडले.

"अरे, एकदा दिलेला शब्द फिरवायचा?"

"आजवर किती पाळलेत?" सित्की म्हणाला.

रविवारी सगळा क्लब बेहचेतच्या घरी जमला आणि साखरेचा डबा मतपेटी झाला. झाकणाला चीर पाडली, खोलीच्या कोपऱ्यात चादरीचा पडदा बांधला. बेहचेतनं रात्रीच्या सदऱ्यावर टाय बांधून घेतला होता. भाषणं झाली. फाहिर बेंनी काही हातचं राखलं नाही. "देनिझलीचे कोंबडे देशभर प्रसिद्ध. देनिझलीकरांना ते आरवायला लावता येतात, क्लब नाही चालवता येत." खोली हसली. बेहचेतच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी दिवा लागला.

सित्की पडद्यामागे गेला. पेन्सिल हातात, कागद पुढ्यात. रोज सकाळी क्लब उघडतो कोण? प्रत्येक सभासदासाठी अर्ज लिहितो कोण? फाहिर. खरं मत तेच होतं. त्यानं पेन्सिल टेकवली. पण पडद्यापलीकडून तुरुंगात चार वर्षं ऐकलेला खोकला आला. मग त्यानं लिहिलं आणि घडी घातली.

मेब्रुरे सभासद नव्हती, म्हणून चिठ्ठ्या तिनं वाचल्या. फाहिर अकरा, बेहचेत दहा.

कोणी कोणाकडे पाहीना. सित्कीला वाटलं, आपण मित्राला मारलं.

"एका मतानं," बेहचेत पुटपुटला. मग बसता झाला. "मी फेरमोजणी मागतो. उमेदवाराचा हक्क आहे तो."

चिठ्ठ्या त्याच्या रजईवर ओतल्या. तो एकेक उलगडून वाचू लागला, सावकाश, धान्य निवडावं तसा. फाहिरचं नाव लिहिलेल्या एकीवर बोट थांबलं. तुरुंगातून घरी जाणारं सित्कीचं प्रत्येक पत्र आधी त्याच्या डोळ्यांखालून जायचं. ते डावीकडे कललेलं अक्षर त्याला अंधारातही ओळखता आलं असतं. त्यानं वर पाहिलं. सित्कीनं नजर खाली वळवली नाही.

बेहचेतनं ती चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वर तळहात दाबून धरला.

"मोजणी बरोबर आहे," तो म्हणाला. "मी हरलो." आणि फाहिर बेंपुढे हात केला. "पुढच्या वर्षी बघतो तुला. मेब्रुरे, पाडलेल्या उमेदवारातर्फे सगळ्यांना चहा."

पेले फिरले. सित्की दारापाशीच उभा होता. बेहचेतनं खाटेची कड थोपटून त्याला जवळ बसवलं, रिकामा डबा हलवून मेब्रुरेकडे दिला आणि विचारलं, "काय बुर्दुर, साखर किती?"