घर क्रमांक सतरा आणि गोठ्यातली चूल

आमच्या गावात घरं उंबऱ्यावर मोजत नाहीत, चुलीवर मोजतात. एका घरात दुसरी चूल पेटली की समजायचं, पुढच्या साली विहिरीच्या पाळ्या लागणार आणि त्याच्या पुढच्या साली बांधावर मोजणीवाला उभा राहणार. अशी सगळी घरं माझ्या डोळ्यांदेखत फुटली. राहिलं ते माझं. मालक, मी, दोन लेक, दोन सुना, पाच नातवंडं, आणि चूल एक. शेजारच्या जवळा बाजार गावी भाजी घेताना मी ही गोष्ट सांगते. भाजीवालीनं विचारलं नसलं तरी सांगते.

आमचं सोयाबीन घेणाऱ्या तेलाच्या कंपनीनं गेल्या साली गावात बिनधुराच्या चुली वाटल्या. चुलीच्या बुडाला काड्यापेटीएवढी डबी. चूल कुठं आहे, कधी पेटली, किती वेळ तापली, सगळं त्या डबीला कळतं आणि डबीकडून कंपनीला. कंपनीचा कुलदीप नावाचा पोरगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "आजी, आम्ही किती धूर कमी केला, किती सरपण वाचवलं, हे दर वर्षी जगाला पुराव्यासकट सांगावं लागतं. त्याला शाश्वतता अहवाल म्हणतात."

घरात माणसं जास्त म्हणून आम्हाला चुली दोन मिळाल्या. एक स्वयंपाकघरात ठेवली. दुसरी गोठ्यात, म्हशीची सरकी शिजवायला.

मी कुलदीपला बजावलं, "माझं नाव कुठं यायला न्हाई पाहिजे. आमच्या घरातलं जगाला काहून सांगायचं?"

"नाव येणारच नाही, आजी. नुसता नंबर. तुमचं घर क्रमांक सतरा. कायदाच आहे तसा."

"मग बराबर. पण सतरा नंबरात अकरा माणसं एका चुलीवर जेवतात, हे लिही. गावात असं दुसरं घर न्हाई, हेबी लिही. निळं फाटक हाय. म्हस मुऱ्हा हाय."

पोरगं गुणी. सगळं लिहून घेतलं.

अहवाल छापायच्या आधी गावाला दाखवायचा असतो म्हणे. म्हणून प्रेमानंद सरपंचानं शाळेच्या वर्गात सभा घेतली. भिंतीवर पांढरं धोतर ताणलं आणि कुलदीपनं त्याच्यावर चित्रं पाडायचं मशीन लावलं. मी पुढं बसले. माझ्या मागं कौसाबाई. कौसाबाईच्या घरी चार भाऊ आणि पाच चुली. पाचवी कोणाची ते अजून ठरलं नाही.

"आमची कंपनी पारदर्शक आहे," कुलदीप म्हणाला. "आणि कोणाची खाजगी माहितीही आम्ही उघडी करत नाही. आता आपल्या गावातलं सगळ्यात चांगलं घर बघा. घर क्रमांक सतरा. अकरा माणसं, एकत्र कुटुंब, निळं फाटक, मुऱ्हा म्हैस."

सगळा वर्ग माझ्याकडं वळला. मी पदर सारखा केला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"या घरात दोन्ही चुली रोज दोन्ही वेळा पेटतात," तो म्हणाला. "शंभर टक्के वापर."

"दुसरीवर सरकी शिजती," मी म्हणाले.

"नाही, आजी. सरकीला जाळ एकसारखा लागतो. इथं बघा." धोतरावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटली. "गार भाकरी तव्यावर पडली की उष्णता खाली येते, काढली की वर जाते. एक दाता म्हणजे एक भाकरी. गोठ्यातल्या चुलीवर रोज भाकऱ्या होतात."

मग मागून कौसाबाई बोलली. "काहून वो पार्वतीबाई, तुमची म्हस भाकर खाती व्हय?"

"ताजीच लागत असंल," कोणीतरी म्हणालं. "मुऱ्हा हाय ती."

"आन भाकरीसंगं कोरड्यास कोण करतं तिला? थोरली का धाकली?"

लोक हसले. मी नाही हसले. माझ्या डोळ्यांपुढं बांधावरचा मोजणीवाला येऊन उभा राहिला होता, साखळी घेऊन. माझे दोन्ही लेक, देविदास आणि विश्वंभर, खिडकीपाशी होते. दोघंही छताकडं बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

पण भर सभेत खाली मान घालायची आपली रीत नाही.

"कुलदीप," मी म्हणाले, "सतरा झालं. आता बाकीची दाखव. तुमची कंपनी पारदर्शक हाय ना?"

"वेळ लई झाला," सरपंच म्हणाला. "चहा गार होऊन राहिला."

"चहा चुलीवर ठेवा परत. बिनधुराच्या."

कुलदीपला आनंदच झाला. त्याला वाटलं, आजीला अहवालाची गोडी लागली. "घर क्रमांक चार. दुमजली, दारात ट्रॅक्टर, भिंतीवर झेंडा. चूल एकदाही पेटलेली नाही."

गावात दुमजली घर एकच, सरपंचाचं. त्याच सरपंचाचा चूल हातात धरलेला फोटो बसस्टँडवरच्या फलकावर आहे.

"डबी बिघडली असंल," सरपंच म्हणाला.

"घर क्रमांक नऊ. पाच चुलींचं कुटुंब. यांना दिलेली चूल दिवसभर चालू असते, पण ठिकाण दाखवतं जवळा बाजार, बसथांब्याजवळ."

बसथांब्याजवळ कौसाबाईच्या जावयाची चहाची टपरी आहे. मी मागं वळून पाहिलं. कौसाबाई पदरानं वारा घेत होती. थंडीचे दिवस.

"घर क्रमांक बारा, देवळाला लागून. रोजचा वापर उत्तम. फक्त एका दिवशी नेहमीपेक्षा जास्त भाकऱ्या झाल्या, त्या दिवशी पाहुणे असावेत." त्यानं तारीख वाचली.

तारीख नागपंचमीची होती. नागपंचमीला आमच्याकडं तवा चुलीवर चढत नाही. विळी हलत नाही. उकडलेलं खायचं, हा नेम. आणि देवळाला लागून घर एकच, पुजाऱ्याचं. त्याच पुजाऱ्यानं मागं मला पंचमीला भोपळा चिरला म्हणून प्रायश्चित्त सांगितलं होतं.

पुजारी उठून उभा राहिला. "हे बंद करा. घरचं घरात राहू द्या."

मग सगळेच उठले. सतरा नंबरला हसणारे सगळे. एकजण तर मशीनपुढं जाऊन उभा राहिला आणि भाकऱ्यांची रेघ त्याच्या पोटावर नाचू लागली.

कुलदीपचा चेहरा पडला. "पण मी एकाचंही नाव घेतलं नाही."

"लेकरा," मी म्हणाले, "गावात नाव लागत न्हाई. फाटकाचा रंग पुरतो."

"मग मी काय छापू? पुरावा दिला नाही तर आम्ही खोटे ठरतो."

"चुली किती वाटल्या, किती पेटतात, किती पेटत न्हाईत, किती दुसऱ्या गावी गेल्या, सगळं खरं छाप. पण गावाची बेरीज छाप. घराघराचं तुझ्या तपासणाऱ्या सायबाला दाखव, दार लावून."

"पेटत न्हाईत ते काहून छापायचं?" सरपंच म्हणाला.

"तुमचं घर दुमजली हाय म्हणून," मी म्हणाले, आणि तो खाली बसला.

सगळ्यांनी हात वर केले. सभा माझ्या बाजूनं झाली. गावाचं तोंड बंद केलं. गोठ्यातली चूल कशी बंद करणार?

घरी गेल्या गेल्या दोन्ही सुनांना समोर उभं केलं. थोरली शिला, धाकली संगिता.

"बोला."

शिला जमिनीकडं बघत म्हणाली, "आत्याबाई, महालक्ष्म्यांच्या सणापासून आमी बोलत न्हाई."

"ह्या म्हणल्या माझं पुरण भरड्यासारखं हाय," संगिता म्हणाली.

"व्हतंच तसं."

"मग मी गोठ्यात वेगळं करते. तुमाला कळू न्हाई म्हणून दोघींची आमटी एका पातेल्यात वतायची, मग तुमाला वाढायची. पातेलं धरतात ह्या, वतते मी."

म्हणजे तेव्हापासून मी दोघींची आमटी एकत्र खात होते, आणि 'एका चुलीची चव' म्हणून बाजारभर सांगत होते. मालक कोपऱ्यात सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत हाय."

मी विश्वंभरला हाक मारली. "वाटणी पाहिजे का तुला?"

"वाटणी कोण मागून राहिलं?" तो म्हणाला. "मला फक्त भाकर पातळ पाहिजे. वहिनी जाड करते."

"खाणाऱ्याला खायची अक्कल पाहिजे," शिला म्हणाली. देविदासनं पाणी प्यायला तांब्या उचलला आणि बराच वेळ पीतच राहिला.

म्हणजे साखळीवाला कुठंच नव्हता. होतं ते एक भरड पुरण आणि एक जाड भाकर. एवढ्यावर मी कोणाचं शेत मोजू देणार होते?

संध्याकाळी कुलदीप पडल्या चेहऱ्यानं फाटकाशी आला. "आजी, सायबांसाठीच्या कागदावर सतरा नंबरला काय लिहू? चुली एक की दोन?"

"पेटतात किती?"

"दोन."

"मग दोन लिही. घर एक लिही. आन फाटकाचा रंग खोड."

त्या दिवशी मी हुकूम सोडला, आमटी मिसळायची नाही. दोन वाट्या आल्या. एकीत चिंच जास्त, एकीत तिखट. मालकांनी ताट ओढलं आणि खाली बघून जेवू लागले, शहाणा माणूस. दोघी सुना दारात उभ्या राहिल्या, एक या चौकटीला, एक त्या. माझा हात कुठल्या वाटीकडं जातो, हे डोळ्यात तेल घालून बघत.

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि ठेच्याला लावला. सगळीच माहिती सगळ्यांना द्यायची गरज नसते.