पूर्वीचे नाव

आई गेल्यावर पंधराव्या दिवशी मी नर्सिंग परिषदेच्या संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक टाकला. मृत्यूची नोंद करायची होती. पासवर्ड लागला नाही. परिचारिका खरी की खोटी हे कुणालाही पाहता यावं, म्हणून ती नोंदवही सगळ्यांना उघडी असते.

जयमाला गोविंदा वानखडे. नोंदणी चालू. संग्रामपूरचा पत्ता. खाली, पूर्वीचे नाव: जयमाला जीवन ढगे.

माहेरचं असेल म्हणून पुढे गेले आणि थांबले. आईच्या वडिलांचं नाव उकंडराव होतं, आडनावही ढगे नव्हतं. मग बाईच्या नावापुढे जीवन कोण, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल.

छत्तीस वर्षं मला जे ठाऊक नव्हतं, ते कुणीही घरबसल्या वाचू शकत होतं. आईने इतकं जपलेलं निदान आता तरी झाकावं, म्हणून मी अर्जात दोन विनंत्या लिहिल्या: मृत्यूची नोंद करावी, पूर्वीचे नाव काढावे. पतीची सही लागत होती.

बाबा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. दुसरी विनंती आत जाईल असा कागद दुमडून मी पुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो उलगडला.

"मास्तरीण झाली, पण कागद लपवता येत नाही तुले."

मी त्यांच्याशेजारी बसले.

"जीवनचं नाव काढून राह्यली काय? लगनाले आठ महिने नाही झाले, तं तापानं गेला थो. मंग तिचा माह्याशी पाट लागला."

विधवेच्या दुसऱ्या लग्नाबद्दल, पाटाबद्दल, आमच्यात कुणी बोलत नाही. पाट लागतो आणि विषय संपतो.

"मले काऊन नाही सांगतलं तिनं?"

"सांगतो सांगतो म्हणे. मंग तू शिकाले गेली." त्यांनी एक शेंग सोलली. "वही मोबाइलवर आली तवा म्या म्हटलं, काढून टाक, लोकं वाचतीन. तं म्हणे, राहू द्या. त्याचं नाव आता दुसरीकडं कुठीच नाही."

"तुमाले वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना बापा. आण पेन."

मी दुसरी विनंती खोडली. मग त्यांनी सही केली.

महिन्याभराने 'चालू'च्या जागी 'मयत' आलं. दोन्ही नावं तशीच आहेत. मी अधूनमधून क्रमांक टाकून पाहते.