सिनेमातले माझे बाबा

पाच हजार मीटरच्या एकाही शर्यतीत मी रडत धावले नाही. सिनेमातली मी मात्र पहिल्या फेरीपासून रडतेय, आणि तीही अनवाणी. मला बूट होते हो. काटोलच्या शर्यतीआधी बाबांनी सायकलवर डबलसीट नेऊन सीताबर्डीच्या बाजारात घेऊन दिले होते, निळे.

अनवाणी पाय मी सोसले असते. खेळाडूवरचा सिनेमा म्हणजे काय असतं, ते ठाऊक होतंच. पोरगी गरीब, बाप दारुडा आणि शेवटी सुवर्णपदक. माझं रौप्य होतं, त्यांनी परस्पर सोन्याचं करून टाकलं. करा बापडे. पण बाबांना हात लावायला नको होता.

दिग्दर्शक ऋषिकेश दोन वर्षांपूर्वी घरी आला होता. बाबांनी स्वतः त्याच्या पोह्यांवर झणझणीत रश्शाची तर्री वाढली. त्यानं विचारलं, "वडिलांचा कधी विरोध झाला?" मी हसत सांगितलं की एकदा अंगात ताप असताना मी सरावाला निघाले, तेव्हा बाबांनी माझे बूट पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवले होते. एवढंच. मग त्यानं पुढे केलेल्या कागदावर मी न वाचता सही केली. माझ्यासारखी शहाणी मीच.

सिनेमा लागायच्या तीन दिवस आधी त्यानं मला धरमपेठेतल्या ऑफिसात बोलावून तो दाखवला. पडद्यावरचा बाप झिंगत येतो, आईला ढकलतो आणि पोरीच्या बुटांवर रॉकेल ओतून काडी लावतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझे वडील आयुष्यात दारूला शिवले नाहीत," मी म्हणाले. "दर रविवारी आमच्या बुद्धविहारात पंचशील तेच म्हणतात, बाकीचे त्यांच्या मागून."

"मॅडम, लोकांना संघर्ष लागतो. बाप इतका चांगला असेल, तर मुलगी धावेल कशासाठी?"

"जिंकायसाठी."

तो समजुतीनं हसला. सुरुवातीला पाटी आहे म्हणाला, काही प्रसंग काल्पनिक असल्याची. आणि कागदावर माझी सही आहे, हेही म्हणाला.

घरी बाबा सदऱ्याला इस्त्री करत होते. रविवारच्या खेळाची तिकिटं काढून झाली होती, सगळ्या विहाराची. मी म्हटलं, "बाबा, नका जाऊ. चांगला नाही झाला सिनेमा."

"काहून नको जाऊ? माह्या पोरीचा सिनेमा हाय. थोडंफार इकडंतिकडं चालते."

दारुड्याचं सांगायला माझी जीभ रेटली नाही. सतरा वर्षं स्पर्धांत धावले, पण ते एक वाक्य मला पार करता आलं नाही.

थिएटरात बूट जळाले, तेव्हा बाबा ताठ बसून होते. रांगेतली माणसं पडदा सोडून त्यांच्याकडे बघत होती. पाटी कुणी वाचली नव्हती. बाहेर आल्यावर विहारातल्या सिंधूताईंनी दबक्या आवाजात विचारलं, "रुपरावभाऊ, तुम्ही खरंच पेत होते का?"

मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "पेत होतो, ताई. आता सुटली."

ऑटोत बसल्यावर मी त्यांच्यावर चिडले. "काहून खोटं बोलले तुम्ही?"

"मंग काय सांगू? माही पोरगी साऱ्या दुनियेसमोर खोटं बोलून राहिली म्हणून सांगू?"

"मी नाही सांगितलं त्यांना असं."

"नाव तं तुहंच हाय ना वर." मग म्हणाले, "बूट मी लपवले होते, हर्षा. ताप होता तुले." मी सांगितलं, मला माहीत आहे.

मी ऋषिकेशला फोन लावत राहिले. त्यानं उचलला नाही. आणि आता उचलून तरी काय, बाबांनी स्वतःच साक्ष देऊन ठेवली होती.

पुढच्या रविवारी विहारात बाबा मागच्या ओळीत जाऊन बसले. पंचशील दुसऱ्या कुणी म्हटलं, आणि आम्ही सगळे त्याच्या मागून. मी बाबांच्या शेजारीच होते. पाचवं शील दारूला न शिवण्याचं. ते आलं तेव्हा दोन-तीन माना मागे वळल्या. बाबांनी ते नेहमीसारखं खणखणीत म्हटलं.

त्याआधीचं, चौथं, खोटं न बोलण्याचं. ते त्यांनी म्हटलं नव्हतं.